मामांची पाणी पिणारी मशीनगन

मला बघायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. स्वयंपाक, शिवणकाम, पगार किती, शाळा घरापासून किती लांब, हे सगळं सासूबाईंनी आधीच विचारून घेतलं होतं. पोहे संपले होते. मुलगा बशीतल्या शेंगदाण्याकडे बघत बसला होता. आमच्या मुरगूडच्या घरात दहा माणसं मावत नव्हती आणि बसली होती वीस. तेवढ्यात सासरे पुढे सरकले आणि म्हणाले, "पोरी, इतिहास शिकवतीस म्हणं."

"व्हय," मी म्हणाले.

"पयलं महायुद्ध असतंय की त्यात?"

"असतंय."

"मग मशीनगनवर किती वळी हाईत पुस्तकात?"

माझ्या वडिलांना वाटलं पाहुणे थट्टा करतायत. ते हसले. पाहुणे हसले नाहीत. मी पुस्तक डोळ्यासमोर आणलं आणि सांगितलं, "दीड. एक पूर्ण आहे. दुसरीच्या निम्म्यातनं रणगाडा सुरू होतो."

सासरे बायकोकडे वळले. "पोरगी खरं बोलती. करून टाका," म्हणाले, आणि उठून बाहेर जाऊन चपला घालून उभे राहिले.

असं माझं लग्न ठरलं, आणि नव्वद-पंच्याण्णवच्या दरम्यान कधीतरी मी कोल्हापूरच्या त्या घरात आले. आमच्याकडच्या रीतीनं मी सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्ती म्हणू लागले. मामा पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झाले होते. सगळी नोकरी मशीनगनवर गेली. त्यांच्या जुन्या टोपीवरच्या बिल्ल्यात दोन मशीनगनी एकमेकींवर आडव्या होत्या. तो बिल्ला घरात बुद्धाच्या मूर्तीच्या खालच्या फळीवर ठेवलेला असे आणि दर रविवारी तो ब्रासोनं पुसला जाई. मामांचा उजवा कान पूर्ण गेला होता, डावा निम्मा चालू होता. घरात कुणाला मामांशी बोलायचं असलं की आधी डाव्या बाजूला जाऊन उभं राहायचं, हे मला पहिल्याच दिवशी नणंदेनं शिकवलं. भांडायचं असेल तर उजव्या बाजूला, हे आत्तींनी शिकवलं.

आत्ती शिवणकाम करत. सोप्यात पायाची शिलाई मशीन होती आणि गल्लीतली सगळी पोलकी तिथं शिवली जात. मामांना उजव्या कानानं काही ऐकू येत नसलं तरी शिलाई मशीन जमिनीतनं कळत असे. ते पेपर वाचता वाचता म्हणत, "लई लांब बर्स्ट मारतीस, एका दमात इतक्या गोळ्या. नळी तापंल." आत्ती पाय न थांबवता म्हणत, "माझ्या मशीनला न्हाय नळी. तुमच्या मशीनचं तुम्ही बघा." हे रोज होई. दोघंही हे भांडण म्हणून करत नसत, दात घासल्यासारखं करत.

मामांनी मला मशीनगनांचे प्रकार शिकवले ते नातेवाइकांवरून. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला घरात गर्दी होती तेव्हा मला कोपऱ्यात घेऊन ते म्हणाले, "आता बघ. ती तुझी धाकटी नणंद. ती एलएमजी. लाइट मशीनगन. एकटीच असती, कुठंबी पळती, थोडं थोडं बोलती, मग दम खाती. तिला दोन पाय असत्यात."

"सगळ्यांनाच असत्यात की मामा."

"तसलं न्हवं. गनला, म्होरं." मग त्यांनी आत्तींकडे बोट केलं. आत्ती पाटावर बसून करंज्या भरत होत्या आणि चार बायका त्यांना सारण, पाणी, तूप आणून देत होत्या. "ही एमएमजी. मिडियम. एका जागी तिपायावर बसवायची. मग न हालता दिवसभर चालती. पर हिला पोसायला मानसं लागत्यात. एक पट्टा द्यायला, एक पानी द्यायला, एक दारूगोळा आनायला."

"आणि हेवी?"

मामांनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या थोरल्या भगिनी, आमच्या आत्याबाई, आत येत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

एकदा मी विचारलं की हल्लीच्या फौजेत काय असतं. तेव्हा ते जरा नाखुशीनं म्हणाले, की आता एकच गन दोन्ही कामं करते. दोन पायांवर टेकवली की लाइट, तिपायावर चढवली की मिडियम. "एकच बाई शाळाबी शिकवती आन् घरी येऊन भाकरीबी थापती, तसं. तुझ्यागत." हे कौतुक होतं की तक्रार ते मला अजून कळलेलं नाही.

कारगिलची लढाई झाली त्या वर्षी आमच्या शाळेत पोरांना दुसरं काही सुचत नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर डोंगर आणि डोंगरावर सैनिक. दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, की यंदा सव्वीस जानेवारीला इतिहासाचं प्रदर्शन लावायचं, विषय 'शस्त्रांची वाटचाल'. ढाल-तलवारीची सोय चित्रकलेचे सर करणार होते. "आधुनिक विभाग तुमच्याकडं," ते म्हणाले. "तुमच्या घरी सासरे आहेत ना त्यातले?"

जसं काही माझ्या सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं.

मी घरी येऊन मामांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. दोन अटी घातल्या. पहिली, पुठ्ठ्याचं काही चालणार नाही. दुसरी, गनच्या नळकांड्यात पाणी असलं पाहिजे.

"पाणी कशाला मामा?"

"पान्याबिगर ती गन न्हाय. नुसती नळी हाय."

मग त्यांनी मला समजावलं. मामा पलटणीत गेले तेव्हा त्यांची एमएमजी पाण्यावरची होती. नळीभोवती एक जाड नळकांडं, त्यात पाणी. गोळ्या सुटत राहिल्या की नळी तापते, पाणी उकळतं. वाफ एका रबरी पाइपातनं बाहेर काढून डब्यात सोडायची, तिथं तिचं परत पाणी होतं. एक तर पाणी वाया जात नाही, दुसरं म्हणजे वाफ वर उडाली तर समोरच्याला आपली जागा कळते. "पयल्या महायुद्धात तीच, दुसऱ्यात तीच, आन् माझ्या वाट्यालाबी तीच," मामा म्हणाले. "माझ्या बापापरीस वयानं मोठी हुती."

मामांचे एक मित्र होते. उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचे, म्हणजे ओतकामाच्या आधी लाकडात जो नमुना बनवतात तो. त्यांच्या हातात काही दिलं की ते त्याचा नमुना बनवत. मामा त्यांच्याकडे गेले आणि सात-आठ दिवस संध्याकाळी जेवायच्या वेळेलाच घरी यायचे. अंगाला भुसा आणि रॉकेलचा वास. विहिरीच्या मोटरीचा एक जुना पाइप मिळाला होता, तो रॉकेलनं आतून धुऊन त्याचं नळकांडं केलं. तिपाई सागवानी. बाकीचा सांगाडा देवदारी लाकडाचा, वर काळा रंग. मामांकडे नकाशा नव्हता. त्यांनी सगळं हातानं मापून सांगितलं. डोळे मिटायचे, दोन्ही हात पुढं धरायचे, आणि म्हणायचे, "न्हाय, ही मूठ अजून बोटभर खाली." पॅटर्नवाले आजोबा रंधा मारून परत देत. मामा परत डोळे मिटत.

त्याच आठवड्यात आमच्या घरातलं लाटणं हरवलं. आत्तींनी सगळं घर शोधलं. शेवटी चपात्या रिकाम्या बाटलीनं लाटायला लागल्या आणि गल्लीतल्या एका बाईवर संशय धरला.

गोळ्यांचा पट्टाही पाहिजे होता. खरा पट्टा जाड कापडाचा, त्यात अडीचशे कप्पे. मामा आत्तींच्या मशीनसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "जरा काम हुतं."

आत्तींनी पाय थांबवले. मला वाटतं मी लग्न होऊन आल्यापासून ती मशीन मामांच्या बोलण्यानं पहिल्यांदा थांबली होती. "किती कप्पं?"

"अडीचशे."

"एकसारखं?"

"एकबी घट्ट झाला तर गन अडकती."

आत्तींनी चार दिवस पोलक्यांची कामं बाजूला ठेवली. पट्टा त्यांनी असा शिवला की मामा प्रत्येक कप्प्यात बोट घालून बघत होते आणि काही बोलायला मिळत नव्हतं. गोळ्यांच्या जागी खडू घातले, वर सोनेरी कागद. त्या महिन्यात शाळेत फळ्यावर लिहायला खडू नव्हते. भूगोलाच्या बाई माझ्याशी बोलत नव्हत्या.

पंचवीस तारखेला सकाळी गन शाळेत न्यायची ठरली. मला पहिला तास होता म्हणून मी पुढं गेले. मामांनी रिक्षा केली. तिपाई मागं बांधली, गन मांडीवर आडवी घेतली. मांडीवर आडवी म्हणजे नळी रिक्षाच्या बाहेर हातभर. वर फडकं टाकायचं मी सांगितलं होतं. मामांनी ते टाकलं नाही. पलटणीत गनवर फडकं फक्त पावसात टाकतात, असं त्यांनी नंतर मला सांगितलं.

दुसऱ्या तासाला शिपाई वर्गात आला आणि म्हणाला, "बाई, पोलीस ठाण्यातनं फोन आलाय. तुमचं सासरं तोफ घेऊन बसल्यात म्हणं."

मी पोचले तेव्हा ठाण्याच्या पडवीत गन तिपाईवर बसवलेली होती. नळी बाहेरच्या फाटकाकडे. मामांनीच बसवली होती, कारण जमिनीवर आडवी ठेवलेली त्यांना बघवेना. त्यांच्याभोवती सहा पोलीस, एक रिक्षावाला आणि पाकीट हरवल्याची तक्रार द्यायला आलेले एक गृहस्थ उभे होते. मामा शिकवत होते.

"पयला एक अमेरिकेतला डाक्तर हुता," ते सांगत होते. "त्यानं पाच-सा नळ्यांची गन काढली. दांडा फिरवायचा, उसाच्या चरकागत. त्याला वाटलं, एका मानसानं शंभराचं काम केलं तर फौजा ल्हान व्हतील आन् मानसं कमी मरतील."

"मग?" एका पोलिसानं विचारलं.

"फौजा मोठ्या झाल्या." मामा घोटभर पाणी प्याले. "मग दुसरा एकजण आला. बंदूक उडाली की खांद्याला धक्का बसतोय, बरोबर? त्याला वाटलं, हा धक्का फुकट का घालवायचा? त्या धक्क्यानंच रिकामं काडतूस भायेर टाकायचं आन् नवं आत घ्यायचं. दांडा फिरवायला नको. घोडा दाबून धरा, गन आपली आपन चालती. इंग्रजांनी ती घेतली, आन् मग जर्मनांनीबी तीच घेतली. महायुद्धात दोन्हीकडनं एकाच मानसाची अक्कल चालतीया." मग ते अभिमानानं म्हणाले, "तोबी बहिरा झालता शेवटाला."

"आणि ती वरनं वाकडं मॅगझिन असलेली?" पाकीट हरवलेल्या गृहस्थांनी विचारलं.

"ती ब्रेन. एलएमजी. तिला धक्का न्हाय, बारुदीचा ग्यास ढकलतोय. ब्रनो म्हणून एक गाव, तिथं काढली. एनफिल्ड म्हणून दुसरं गाव, तिथं केली. दोन्हीची इंग्रजीतली दोन दोन अक्षरं घेऊन नाव ठेवलं. म्हंजे आमची सून मुरगूडची, आमी कोल्हापूरचं, तर नातवाचं नाव कोमू." सगळे माझ्याकडे बघून हसले. मला तेव्हा मूल झालेलं नव्हतं, त्यामुळे ते मला एवढं विनोदी वाटलं नाही.

आत फौजदार साहेब बसले होते. वयानं तरुण, नाकावर चष्मा. मी शाळेचं नाव सांगितलं, मुख्याध्यापकांना फोन लावून दिला, आणि पाच मिनिटांत प्रश्न सुटला. गन लाकडाची आहे हे त्यांना आधीच कळलं होतं. कुणीतरी फोन करून सांगितलं होतं म्हणून नोंद करणं भाग होतं, इतकंच. "आजोबा, सही करा आणि घेऊन जा," ते म्हणाले.

मामांनी चष्मा लावून कागद वाचला आणि खाली ठेवला. "मी सही करनार न्हाय."

"का?"

"हितं 'तोफ, एक नग' लिवलंय. ही तोफ न्हवं. तोफेत गोळा असतोय."

कागद लिहिणारा हवालदार म्हाताराच होता. त्यानं कार्बन बदलला आणि दुसरा लिहिला. मामांनी वाचला. "मोठी बंदूक? बंदूक खांद्याला लावत्यात. ही लावा बघू खांद्याला."

"अवो, आमी बी हवालदारच हाय," तो म्हणाला. "आमाला काय कळत न्हाय का?"

"मीबी हवालदारच हाय," मामा म्हणाले. "म्हनून सांगतोय."

तिसऱ्या कागदावर 'यंत्र' लिहिलं होतं. मामा म्हणाले, यंत्र तर पिठाच्या गिरणीतही असतं. मग त्यांनी स्वतःच सांगितलं, "मशीनगन लिवा. मिडियम."

फौजदार साहेबांनी चष्मा काढला. "आजोबा, मशीनगन लिहिलं तर मला वर कळवावं लागतं. वर कळवलं तर तुम्हाला सोडता येत नाही."

"नका सोडू."

मी मामांच्या डाव्या बाजूला गेले. "मामा, उद्या प्रदर्शन आहे."

"मग काय खोटं लिवून प्रदर्शन लावायचं?"

पाऊण तास गेला. पाकीटवाल्या गृहस्थांची तक्रार तशीच राहिली होती, पण त्यांना घाई दिसत नव्हती. ते मामांच्या बाजूनं बोलत होते. शेवटी मी कागद मागून घेतला आणि दहावीच्या वर्गाला व्याख्या सांगते तशी सांगितली: 'पाण्याने थंड होणाऱ्या मध्यम मशीनगनची लाकडी व लोखंडी शालेय प्रतिकृती.' फौजदार म्हणाले, 'प्रतिकृती' आणि 'शालेय' हे शब्द आधी पाहिजेत. मामा म्हणाले, 'पाण्याने थंड होणाऱ्या' गाळायचं नाही. दोघांनी मान्य केलं. म्हाताऱ्या हवालदारानं चौथ्यांदा कार्बन घातला आणि खाली वर्णनही लिहिलं. ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं: "पुढील बाजूस पाण्याच्या मोटारीचा पाइप, तीन पाय, मागील बाजूस धरण्यासाठी लाटण्याचे दोन तुकडे."

मी थांबले आणि मामांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे उजवा कान केला होता.

शाळेकडे जाताना रिक्षात त्यांनी मला एवढंच सांगितलं, की शिसवी लाकूड दुसरीकडं मिळत नव्हतं आणि मुठीला तेच लागतं. आत्तींना सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत, पण घरी पोचेपर्यंत दोनदा खिशातनं लिमलेटची गोळी काढून मला दिली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाला गर्दी झाली. ढाली-तलवारी भिंतीवर टांगलेल्या होत्या आणि तिकडं कुणी जात नव्हतं. मामांनी पांढरा सदरा घातला होता, टोपी, त्यावर तो बिल्ला. नळकांड्यात त्यांनी उकळतं पाणी भरलं होतं आणि रबरी पाइपाचं टोक स्टीलच्या डब्यात सोडलं होतं. वाफ निघत होती आणि ठाण्यात सांगितलेलं सगळं मामा पोरांना पहिल्यापासून परत सांगत होते. पॅटर्नवाले आजोबा दोन नंबरचा माणूस म्हणून पट्टा धरून बसले होते आणि तो हळूहळू पुढं सरकवत होते. कालचा म्हातारा हवालदार बायकोला घेऊन आला होता आणि तिला सांगत होता, "ही तोफ न्हवं बरं का."

आत्ती आल्या. त्यांनी आधी पट्टा बघितला, त्यावरनं हात फिरवला. मग मागं गेल्या. मुठी बघितल्या. खाली वाकून जरा जास्तच जवळनं बघितल्या. एका मुठीच्या टोकाला पूर्वी गॅसवर ठेवल्यामुळं जळलेला डाग होता, तो पॅटर्नवाल्यांच्या रंध्यातनंही सुटला होता. आत्ती ताठ झाल्या. त्या मामांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बोलल्या. मामा समोर बघत ताठ उभे होते. पोरांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे.

प्रमुख पाहुणे अकराला यायचे होते, ते सव्वादहालाच आले. शिक्षण खात्यातले बडे अधिकारी. शिपायानं अजून स्टोव्ह पेटवला नव्हता, त्यात पिन सापडेना. मुख्याध्यापकांची धांदल उडाली. पाहुण्यांना चहाशिवाय बसवायचं कसं? मामांना हे काही ऐकू आलं नव्हतं, पण शिपायाच्या हातातली रिकामी किटली दिसली. त्यांनी नळकांड्याकडे हात केला. "पानी तयार हाय की."

शिपायानं मागचा-पुढचा विचार केला नाही. नळकांड्याची तोटी उघडून किटली भरली, पावडर, साखर, दूध घातलं. मी बघितलं तेव्हा कप पाहुण्यांच्या हातात होता.

त्यांनी घोट घेतला. थांबले. कपात बघितलं. दुसरा घोट घेतला. मुख्याध्यापकांनीही घेतला आणि त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. रॉकेल होतं. फार नव्हतं, पण होतं. पाहुणे सज्जन होते. ते म्हणाले, "वेगळी चव आहे. गवती चहा का?"

मामांनीही कप घेतला होता. त्यांनी डोळे मिटले, जसे ते माप सांगताना मिटायचे. सगळा चहा एका दमात संपवला आणि म्हणाले, "हां. अगदी तसाच."

मग त्यांनी पाहुण्यांना आणि पोरांना सांगितलं, की पलटणीत सकाळी थंडीत असाच चहा व्हायचा. गोळीबाराचा सराव झाला की नळकांड्यातलं पाणी उकळलेलं असायचं, ते ओतून घ्यायचं. तेलाचा वास यायचा, कुणी तक्रार करत नसे. कधी कधी चहाची वेळ झाली म्हणून एखादा पट्टा जास्त उडवला जाई. साहेबाला ते कळायचं, पण साहेबालाही चहा लागत असे. पाहुणे मोठ्यानं हसले आणि त्यांनी कप संपवला.

तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही किती माणसं मारली?"

मुख्याध्यापक तिला गप्प करायला पुढं झाले. मामांना नीट ऐकू आलं नव्हतं. ते तिच्यासमोर वाकले, डावा कान पुढं केला आणि तिला परत विचारायला लावलं. तिनं विचारलं. ते सरळ झाले.

"म्हाईत न्हाय बाळ. मशीनगनवाल्याला मोजता येत न्हाय. लई लांब असतंय सगळं. रायफलवाल्याला दिसतंय. आमाला नुसतं रान दिसायचं, आन् धूळ." त्यांनी टोपी सरळ केली. "मला ते म्हाईत न्हाय, हे बरं हाय. एवढंच."

मुलीनं मान हलवली आणि पुढं विचारलं, की पाणी संपलं तर काय करायचे. मामांनी पॅटर्नवाल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आधीच ते ऐकलं होतं, म्हणून मी दुसरीकडे बघू लागले. त्यांनी करंगळी वर करून खरं उत्तर दिलं. पोरं इतकी हसली की पाहुण्यांच्या भाषणाला पाच मिनिटं सुरुवात करता आली नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं चालत घरी निघालो. गन शाळेतच ठेवली होती. मामा नेहमी चालताना बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "आमच्या गावात माझ्या बापाला हिरीवर पानी शेंदू देत न्हवते," ते म्हणाले. "वरनं कुनीतरी वतायचं, आमी खाली हात धरायचा. पलटणीत गेलतो तवा पयलं काम काय दिलं म्हाईत हाय? पानी. गनला पानी पाजायचं. कॅन माझ्याजवळ, तोटी माझ्या हातात. आन् मग त्याच पान्याचा चहा. कंपनीत नाना मुलखाची, नाना जातीची मानसं. सगळ्यांनी आपापला पत्र्याचा मग म्होरं करायचा आन् मी वतायचं."

मी म्हणाले, "आज साहेबांनीही घेतला."

"घेतला की," मामा म्हणाले. "रॉकेल जरा जास्त झालं."

घरी आत्तींनी जेवायला वाढलं. चपात्या होत्या, बाटलीनं लाटलेल्या, कडेला जाड. त्यांनी मामांच्या ताटात दोन वाढल्या आणि सरळ डाव्या बाजूला येऊन सांगितलं, "उद्या सकाळी नवं लाटणं. शिसवीच. न्हायतर पट्टा उसवून आनीन." मामा सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन फळीवर बसले होते.

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत नववीला प्रश्न आला: पहिल्या महायुद्धाची वैशिष्ट्ये लिहा. मी पेपर तपासायला घेतले. पहिल्यात लिहिलं होतं, 'या युद्धात पाणी भरपूर लागत असे.' दुसऱ्यात, 'सैनिक मशीनगनवर चहा करीत. चहाला तेलाचा वास येई, परंतु कोणी तक्रार करीत नसे.' तिसऱ्यात, 'दोन्ही बाजूंनी एकाच माणसाची अक्कल वापरली. तो पुढे बहिरा झाला.' खंदक कुणालाच आठवले नव्हते. राजपुत्राचा खून एकानं लिहिला होता, तोही चुकीच्या देशात. एका मुलीनं, पाणी संपल्यावर काय करत, तेही लिहिलं होतं आणि त्याला अधोरेखित केलं होतं.

मी गठ्ठा घरी आणला. दीड ओळीच्या मजकुरावर पोरांनी पान पान भरलं होतं, आणि पुस्तकाप्रमाणे एकालाही पास करता येत नव्हतं. मी डोक्याला हात लावून बसले असताना मामा आले, चष्मा लावला आणि माझी लाल पेन्सिल उचलून वाचायला बसले. मला वाटलं खूष होतील. त्यांनी एकेक पेपर ओळीवर बोट ठेवून वाचला. मधूनमधून काही तरी खूण करत होते.

शेवटी त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. प्रत्येक पेपरावर एकच दुरुस्ती होती. जिथं जिथं पोरांनी नुसतं 'मशीनगन' लिहिलं होतं, तिथं वर बारीक अक्षरात 'मिडियम' घातलं होतं.

"मार्क किती देऊ मामा?" मी विचारलं.

"निम्मं," ते म्हणाले. "लाइट आन् हेवी कुनीच लिवली न्हाय."